वर जाणारे दिवे

सासूबाई जिन्यावरून घसरल्या तेव्हा चिमटी वर्कशॉपमध्ये होती. लागलं फार नव्हतं, नडगी सोलवटली होती आणि कोपराला टेंगूळ आलं होतं. पण खालच्या पायरीवर बसूनच त्यांनी फोन लावला, आणि आवाजात रडं कमी नि राग जास्त होता.

"अगं, या मेल्या जिन्यात भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही! मी काय घुबड आहे?"

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं, तिथे ती कामाला होती. तिळाएवढे सुटे भाग चिमट्याने उचलून जागेवर बसवण्यात तिचा हात कोणी धरत नसे, म्हणून उस्तादांनी तिला हे नाव दिलं. उस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर. नवऱ्याला ते नाव इतकं आवडलं की लग्नानंतर घरातही तेच चालू झालं. सासूबाई मात्र तिला "अगं" म्हणत, आणि फारच लाड आला तर "पोरी".

घर अरुंद आणि उंच होतं. खाली बैठकीची खोली नि स्वयंपाकघर, वर सासूबाईंची खोली आणि गच्ची. जिना दोन भिंतींच्या मधून चढायचा, अर्ध्यावर वळायचा. खिडकी कुठेच नाही. वर एक दिवा होता, पण त्याचं बटण वरच, म्हणजे जिना चढून गेल्यावर उजेड करायचा अशी गंमत. नवरा जहाजावर इंजिनखोलीत कामाला, महिनोन् महिने बाहेर. घरात या दोघीच.

"तुमची खाट खाली आणू या," चिमटी त्या दिवशी मलम लावता लावता म्हणाली.

"मुळीच नाही. वरच्या खोलीत ऊन येतं. उन्हाशिवाय मला टाका दिसत नाही."

सासूबाईंनी आयुष्यभर भरतकामाचे नमुने काढले होते. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून फुलं, पक्षी, वेली, आणि मग ते नमुने दुकानांना विकायचे. आता मागणी नव्हती, पण सवय गेली नव्हती. तेव्हा चिमटीने खाटेचा नाद सोडला आणि जिन्यालाच उजेड द्यायचं ठरवलं.

तिने प्रत्येक पायरीच्या कडेखाली एलईडीची बारीक पट्टी चिकटवली आणि भिंतीच्या बाजूला शर्टाच्या गुंडीएवढा एकेक सेन्सर बसवला. सगळ्या तारा जिन्याखालच्या कपाटात नेल्या. तिथे आगपेटीएवढ्या मायक्रोकंट्रोलरच्या चिपवर सगळा कारभार. एरवी सगळ्या पायऱ्या मंद जळायच्या. पाय पडला की ती पायरी उजळायची, पाय उचलला की हळूहळू मावळायची. शिवाय फोनवर उघडेल असं एक छोटं वेबपेज तिने केलं. त्यात जिन्याचं चित्र, एका चौकोनाला एक पायरी, आणि खाली दिव्यांची तीव्रता कमीजास्त करायची सरकपट्टी.

पेजसाठी आयकॉन हवे होते. त्या चिपमध्ये जागा ती केवढीशी, त्यामुळे चित्रंही अगदी लहान, थोडक्या चौकोनांत बसणारी हवी होती. चिमटीने काढलेला चंद्र चावलेल्या बिस्किटासारखा दिसत होता.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चौकटीचा कागद ओढला, पेन्सिलीला टोक केलं. "एवढ्या जागेत मी पाकळ्यांसकट गुलाब बसवलाय. चंद्राचं काय घेऊन बसलीस!"

दोघींचा तो आठवडा मजेत गेला. सासूबाई कागदावर चौकोन भरायच्या, चिमटी ते बघून भरलेल्या चौकोनाला एक आणि रिकाम्याला शून्य असं टिपत जायची. सरकपट्टीच्या डाव्या टोकाला चंद्रकोर आली, उजव्या टोकाला सूर्य. पायरीवर कोणी असलं की तिथे उमटायला सासूबाईंनी एक पाऊल काढलं. पाच बोटं, टाच, आणि मधली पोकळीसुद्धा. ते पडद्यावर उमटलं तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या.

तीव्रतेचं गणित समजावताना चिमटी म्हणाली, "आई, दिवा खरं तर मंद होतच नाही. तो एका सेकंदात शेकडो वेळा लागतो नि विझतो. लागलेला कमी वेळ ठेवला की आपल्याला मंद वाटतो."

"म्हणजे बहुतेक वेळ अंधारच असतो?"

"हो. डोळ्यांना कळत नाही एवढंच."

सासूबाईंनी जिन्याकडे पाहिलं. "हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कागदावर वाकल्या.

दिवे छान चालले. सासूबाई पदर खोचून दिवसातून उगीचच दोन फेऱ्या जास्त मारू लागल्या. वर्कशॉपमधूनही पेज दिसेल अशी सोय चिमटीने करून घेतली होती. कामाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवायची; दुपारी पाऊल वर गेलेलं दिसलं की समजायचं, आई आडव्या व्हायला गेल्या. संध्याकाळी खाली आलं की समजायचं, चहा ठेवला.

एका संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता तिने विचारलं, "आज लवकर झोपायला गेलात?"

"कोण, मी? मी आज वर पाऊलसुद्धा टाकलं नाही. शेजारीण येऊन बसली होती. तिच्या बहिणीची कर्मकथा संपते कुठे!"

"पण मी पाहिलं. पाऊल वर गेलं."

"तुझं यंत्र चळलं असेल."

चिमटीलाही तेच वाटलं. सेन्सर म्हटला की कधी मधी खोटं बोलणारच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुद्दाम पाहत बसली, आणि तिच्यासमोर तळाची पायरी उजळली. तिच्यावर पाऊल उमटलं. मग दुसरी, मग तिसरी. वळण आलं, वळण गेलं. शेवटच्या पायरीवर पाऊल क्षणभर दिसलं आणि नाहीसं झालं. तिने लगेच फोन केला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून उचलला. पाठीमागे नळाचा आवाज येत होता.

उस्तादांनी ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढून टेबलावर जिना काढला. "एखादाच सेन्सर चळत असेल तर सेन्सर खराब. सगळे एकदम पेटत असतील तर वायरिंगमध्ये गडबड. पण खालून वर, ओळीने? मोटर लागली की कधी कधी तारांत झटका येतो. पाण्याची मोटर कधी लागते तुमच्याकडे?"

मोटरचा काही संबंध नव्हता. चिमटीने सुट्टीच्या दिवशी सगळे सेन्सर बदलले. तारा नव्या टाकल्या. प्रोग्रॅम पुसून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. दुपारी दोघी तळाशी उभ्या राहिल्या. दिवे चढले. डोळ्यांदेखत, त्यांच्यापासून हातभर अंतरावरून सुरुवात करून, वळणापलीकडे दिसेनासे झाले. पायांचा आवाज नाही, वाऱ्याची झुळूक नाही. फक्त एकेक पायरी उजळत आणि मावळत गेली.

मग तिने एक उद्योग केला. मधल्या एका पायरीच्या सेन्सरवर काळी टेप लावली. त्या दुपारी दिवे नेहमीसारखे चढत आले. टेपच्या पायरीशी आल्यावर ती पायरी मंदच राहिली, पण त्यानंतरची मात्र वेळ साधून उजळली, जितका वेळ एका पायरीला लागायला हवा तितका जाऊन. टेपच्या पायरीवर पाय पडलाच होता. यंत्राला तो दिसला नाही एवढंच.

चिमटीने टेप ओढून काढली. यंत्राची चूक असती तर ती अशी चाल सांभाळून चुकली नसती.

"आणि खाली कधीच येत नाही," ती पुटपुटली. "नुसतं वर जातं."

"खाली येतीलच कसे?" सासूबाई म्हणाल्या.

चिमटीने वळून पाहिलं. सासूबाईंचा चेहरा तिने इतका मऊ कधी पाहिला नव्हता.

सासऱ्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. दुपारी जेवून, वर्तमानपत्र काखेत मारून ते वरच्या खोलीत पडायला गेले होते. चहाची वेळ झाली तरी उतरले नाहीत. सासूबाई हाका मारमारून शेवटी वर गेल्या, तेव्हा पेपर छातीवर उघडा होता आणि ते थंड पडले होते.

"त्या दिवशी ते वर गेले ते गेलेच," सासूबाई म्हणाल्या. "आता रोज तेवढंच करतात बिचारे."

चिमटीचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण दिवे विश्वास विचारून लागत नव्हते. आणि खरं सांगायचं तर सासूबाई खुलल्या होत्या. जेवण झालं की त्या जिन्यासमोर वेताची खुर्ची टाकून भरतकाम घेऊन बसायच्या. तळाची पायरी उजळली की म्हणायच्या, "आलात? चष्मा घेतलात का? नाहीतर परत हेलपाटा घालाल." दिवे वर जाईपर्यंत त्या बोलत राहायच्या. हळूहळू जेवणानंतरचा सगळा वेळ त्या बोलण्यातच जाऊ लागला. चिमटी फोनवर पाऊल चढताना बघायची आणि तिकडे सासूबाई काहीतरी सांगत असतील, या विचाराने तिला बरंही वाटायचं नि कसंसंही.

एका संध्याकाळी ती घरी आली तर खुर्ची जिन्यासमोर नव्हती. सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. भाजी चिरून तशीच पडली होती.

"आई, बरं नाही का?"

"ते नाहीत ते," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"जिन्यातले. ते तुझे सासरे नाहीत." "इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही, देव जाणे. तुझ्या सासऱ्यांचे गुडघे काय होते, पाहिले होतेस ना? वळणावर ते थांबायचेच. भिंतीला हात लावून उभे राहायचे, हुश्श करायचे. एक दिवस चुकायचं नाही. हे थांबत नाही. हे दमतच नाही."

"तुम्ही दमलाय. चला, चहा—"

"ऐक तर. मला शंका आली म्हणून आज मी मुद्दाम हाक मारली. अगदी हळू, आणि डाव्या अंगाने. त्यांचा डावा कान गेलेला होता. त्या बाजूने ढोल वाजवला असता तरी त्यांनी मान वळवली नसती." त्यांनी चिमटीचं मनगट धरलं. "मी हळूच म्हटलं, 'अहो.' आणि दिवा थांबला. तिथल्या तिथे. विझेना, पुढे जाईना. माझं ऐकून थांबला, पोरी. बराच वेळ थांबला. मग गेला वर."

चिमटीने तडक कपाट उघडून वायर उपटली. जिना काळाकुट्ट झाला. दोघी त्या अंधाराकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि थोड्याच वेळात चिमटीला कळलं की हे त्याहून वाईट आहे. आता त्या अंधारात कुठेही काहीही असू शकत होतं.

"लाव परत," सासूबाई कुजबुजल्या. "लाव. निदान कुठे आहे ते तरी कळतं."

तिने वायर परत जोडली.

दुसऱ्या दिवशी चिमटीने सुट्टी घेतली. दुपारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला; जहाज कुठल्याशा बंदरात लागलं होतं, म्हणून फोन लागत होता. तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"चिमटे, तुम्हा दोघींना घरात बसून बसून खूळ लागलंय. दाखव तर मला तुझा तो जिना."

तिने फोन जिन्याकडे धरला. मंद जळणाऱ्या एलईडीसमोर कॅमेरा धरला की चित्रात आडव्या काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. दिवे क्षणाक्षणाला विझत असतात ते डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. चिमटीला हे माहीत होतं, नवऱ्यालाही माहीत होतं.

"पट्ट्या येताहेत बघ," ती म्हणाली. "तीव्रता कमी आहे म्हणून."

"हो, ठाऊक आहे मला. इंजिनखोलीतल्या दिव्यांच्यापण येतात." मग तो पडद्याजवळ वाकला. "ती मधली पट्टी का थांबलीय?"

"कुठली?"

"बाकीच्या सगळ्या वरून खाली सरकताहेत. ती एक हलत नाही. वळणाच्या जरा खाली. बघ ना."

चिमटीने पडद्यावर पाहिलं. पट्ट्या एकामागून एक सरकत होत्या, जशा सरकायला हव्यात. त्यांच्यामध्ये एक होती ती आडवी नव्हती. उभी होती. बाकीच्या तिच्यावरून सरकत जात होत्या आणि ती तिथेच होती. चिमटीने फोनवरची नजर काढून जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा. परत फोनमध्ये पाहिलं. उभी पट्टी एक पायरी वर गेली. आणि रिकाम्या जिन्यात ती पायरी उजळली.

नवऱ्याच्या हसण्याचा मागमूस राहिला नव्हता. "आईची खाट खाली आण," तो म्हणाला. "आज. आत्ता."

या वेळी सासूबाईंनी उन्हाचं नाव काढलं नाही. खाट, गादी, पेन्सिलींचा डबा, सगळं दोघींनी मिळून दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, दारं सताड उघडी ठेवून खाली आणलं. बैठकीच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात खाट बसली. वर जायचं ते फक्त सकाळी, चिमटी घरी असताना, कपडे वाळत घालायला. दुपारी जिन्याकडे कोणी फिरकायचं नाही, असं ठरलं.

काही दिवस ते पाळलंही. दिवे त्यांच्या वेळेला वर जात होते, दोघी आपापल्या जागी होत्या. माणसाला कशाचीही सवय होते, तशी याचीही होऊ लागली होती.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. चिमटीच्या टेबलावर सलाईनचा पंप उघडा पडला होता, आतली एक चक्री झिजली होती. बाहेर धूळ उठली, वर्कशॉपची खिडकी धाडकन आपटली. उस्तादांनी उठून कडी लावली. चिमटीची नजर सहज फोनकडे गेली.

तळाच्या पायरीवर पाऊल होतं.

ते पुढच्या पायरीवर गेलं, थांबलं. पुढे गेलं, थांबलं. ही चाल तिच्या ओळखीची होती. एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग पुढची पायरी. घसरल्यापासून सासूबाई अशाच चढायच्या. गच्चीवर कपडे होते. वाऱ्याने उडतील म्हणून त्या निघाल्या होत्या.

चिमटीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. फोन खालीच असणार, खाटेवर.

पाऊल वळणाच्या अलीकडे पोचलं असेल नसेल, आणि तळाच्या पायरीवर दुसरं पाऊल उमटलं.

"उस्ताद," ती म्हणाली.

दुसरं पाऊल थांबत नव्हतं. पायरीमागून पायरी, एका लयीत. वरचं पाऊल थबकत थबकत चाललं होतं आणि खालचं जवळ येत होतं. मधे चार पायऱ्या राहिल्या. मग तीन. उस्ताद तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांना घरचं सगळं ठाऊक होतं.

दोन.

इतक्या दुरून ती करणार तरी काय होती? ओरडून ऐकू जाणार नव्हतं. तिच्या हातात ती सरकपट्टी होती, एवढंच. तिने अंगठा चंद्रकोरीवर ठेवला आणि सूर्यापर्यंत ओढत नेला.

पडद्यावरचे सगळे चौकोन पांढरेफटक झाले. आता उजळलेली पायरी कुठली नि न उजळलेली कुठली, काही कळायची सोय राहिली नाही. फक्त दोन काळी पावलं दिसत होती, एकाला लागून एक. आणि मग एकच दिसू लागलं. दोन्ही एकाच पायरीवर होती.

किती वेळ ते तसं राहिलं, ते चिमटीला पुढे कधी सांगता आलं नाही. तिने पट्टीवर अंगठा इतका दाबून धरला होता की नख पांढरं पडलं होतं.

मग पावलं वेगळी झाली. एक वर गेलं. दुसरं खाली उतरू लागलं. दुपारच्या त्या वेळेला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी जिन्यावरून खाली येत होतं. आणि दोन्हींची चाल आता सारखीच होती, न थांबता, भराभर. यांतलं सासूबाईंचं कोणतं?

"स्कूटरची किल्ली घे माझी," उस्ताद म्हणाले. "पळ."

घराचं दार सताड उघडं होतं. सासूबाईंनी ते उघडं ठेवलं होतं की नव्हतं, हे नंतर त्यांनाही सांगता येईना. जिन्यात असा लख्ख उजेड की चिमटीला डोळे बारीक करावे लागले. भिंतींवरचा जुना रंग, पोपडे, कोळ्याचं जाळं, सगळं उघडं पडलं होतं. "आई! आई!" करत ती दोन दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. पायाखाली काय आहे नि काय नाही, याचा विचार तिने केला नाही.

सासूबाई वरच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर कपड्यांचा ढीग. त्यांच्या हातात एक चादर होती, आणि तिची त्या घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या.

चिमटी त्यांच्या गळ्यातच पडली. मग तिने कपड्यांचा ढीग बाजूला सारला.

"दिवे तू मोठे केलेस?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"हो."

"मानेवर गार लागत होतं. मला वाटलं, वारा. गच्चीचं दार उघडं असेल. मग मानेच्या इतकं जवळ आलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तेवढ्यात सगळं पांढरं झालं. मी वळले."

"काय होतं?"

"माणूस नव्हता कोणी. पण अगं, प्रत्येक पायरीला दिवा. सगळीकडून उजेड. माझीच सावली पडायला जागा नव्हती, मी खाली वाकून पाहिली, नव्हती. आणि तरी एक सावली होती. माझ्याच पायरीवर होती, मला चिकटून. तिने जणू डोळ्यांवर हात घेतला आणि भिंतीभिंतीने खाली निघून गेली. मग माझ्या पायांत कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी या वयात धावत वर आले."

त्या दिवसापासून चिमटीने सरकपट्टी सूर्याच्या टोकाला ठेवली, आणि मग प्रोग्रॅममधून ती सरकपट्टीच काढून टाकली. तीव्रता कमी करायची सोयच नको. जिना दिवसरात्र पूर्ण उजेडात राहिला. दुपारी त्या दोघी, कधी उस्तादही, पेजकडे पाहत बसायचे. पाऊल उमटलं नाही.

नवरा आला तो थेट गवंड्याला घेऊनच. वळणावरची भिंत बाहेरच्या गल्लीकडची होती. दोन दिवस घरभर धूळ उडाली आणि तिथे हातभर रुंदीची खिडकी झाली. तिच्यातून दुपारचं ऊन जिन्यात येऊ लागलं. पट्ट्यांचं काम संपल्यासारखं झालं, पण त्या काढायचं नाव कोणी काढलं नाही. नवऱ्याने गच्चीच्या दाराला नवी कडी बसवली, आईच्या गुडघ्यांसाठी भिंतीला लाकडी कठडा लावला, आणि सुट्टी संपल्यावर परत जहाजावर गेला.

खाट पुन्हा वर गेली. सासूबाईंना वळणावरचं ऊन आवडू लागलं. तिथल्या पायरीवर जुनी उशी टाकून त्या भरतकाम करत बसायच्या. एका रविवारी दुपारी चिमटी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या खालच्या पायरीवर येऊन टेकली. ऊन छान पडलं होतं. शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता.

"एक विचारू?" सासूबाई म्हणाल्या. सुई हातात तशीच थांबली होती. "मी इतके दिवस इथे बसून बोलत होते ना. ते आहेत असं समजून."

"हो."

"बायको नवऱ्याला जे जे सांगेल ते सगळं सांगितलं गं मी. कोणापाशी कधी बोलले नाही तेही. लग्नातलं, पहिलं मूल गेलं तेव्हाचं. पोरगा जहाजावर असला की मला झोप लागत नाही, तेही. जादाची किल्ली कुंडीखाली ठेवतो, तेही सांगितलं, वेडी मी! त्यांना जुनी जागा ठाऊक होती, नवी ठाऊक नव्हती, म्हणून." त्या थांबल्या. "आणि तू संध्याकाळपर्यंत घरी नसतेस, तेही. रोज तेच रडगाणं गायचे मी. दुपार जात नाही हो, म्हणायचे. एकटी असते हो, म्हणायचे."

चिमटीने कप खाली ठेवला.

"हे सगळं मी सांगितलं कोणाला?" सासूबाईंनी विचारलं.

चिमटी जवळ सरकली. तिने त्यांच्या पायावर हात ठेवला आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या. मग ती खाली गेली, कुंडीखालची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. सोमवारी वर्कशॉपमध्ये पोचल्याबरोबर तिने मालकांना गाठलं आणि यापुढे फक्त सकाळच्या पाळीला येईन, असं सांगितलं.

"का गं? पगार कमी होईल," मालक म्हणाले.

"होऊ दे," चिमटी म्हणाली. "दुपारच्या आई घरी एकट्या असतात."